बलभीमराजाची मिशी

सोनारीच्या जत्रेतल्या नाटकात यंदा राजा बलभीमच होता, आणि हा राजा काही केल्या रडणार नाही, हे त्यानं पहिल्याच तालमीत जाहीर करून टाकलं!

नाटक जुनं, शोकांतिकेचं. लढाईत पडलेल्या राजकुमाराचं प्रेत दरबारात आणतात आणि राजा ढसाढसा रडतो.

"मर्दानं छाती फुटली तरी डोळा कोरडा ठेवावा!" बलभीम मिशीला पीळ देत म्हणाला.

"अवो, राजाच रडला न्हाय तर पब्लिक कशाला रडंल?" नाटक बसवणारे सिद्धाराम गुरुजी काकुळतीला आले.

"एक थेंब पडला ना गुरुजी, तर ही मिशी उतरवीन!"

ही पैजही पारावरच्या तालमीत, सगळ्या गावादेखत लागली! लग्नाआधीपासून तेल पाजून वाढवलेली मिशी ती.

प्रयोगाला त्याची बायको मथुराबाई अगदी पुढं बसली होती. प्रेत झालेला सुरज निपचित पडला. बलभीम खांबासारखा उभा, डोळे ठणठणीत कोरडे! तेवढ्यात माईक खरखरला.

"राजकुमार झालेल्या सुरजरावांना जळकोटच्या सासरेबुवांकडून टॉवेल-टोपीचा आहेर!"

नव्या जावयाचा पहिला आहेर! तो तिथल्या तिथं घ्यावा लागतो, नाहीतर पाहुणे रुसतात. प्रेत उठलं. सासऱ्यांच्या पाया पडलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पुन्हा शिस्तीत मेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत दुःखी होऊन बसले. आहेराचं कुणाला काय नवल!

पण बलभीम वाकला तर टोपी प्रेताच्या नाकावर घसरलेली, आणि श्वासागणिक वरखाली होतेय! त्याच्या पोटातून हसू उसळलं. राजा हसला तर नाटक मेलं! त्यानं दात आवळले, खांदे गदागदा हलू लागले, तोंड लालबुंद झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

मांडवात एकच हुंदका फुटला. गुरुजी तर विंगेतच रडत खाली बसले.

पडदा पडताच सगळे मिशीकडं बघायला लागले. 'आरं, मी हसत होतो!' असं बलभीम सांगणारच होता, तोच मथुराबाई डोळे पुसत आली.

"लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा तुमचं काळीज दिसलं बगा."

बलभीमनं तोंड मिटलं. आता खरं सांगायला खरा मर्द पाहिजे होता, आणि तेवढा तो नव्हता!

सकाळी न्हाव्याकडून तो गुळगुळीत ओठ घेऊन घरी आला. मथुराबाईनं दार उघडलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.