आगाऊ नोंद

फादरांचा घसा बसला आणि संतांची नाममाला वाचायचं कारकुनाच्या गळ्यात पडलं. घसा बसवला तो फादरांच्याच प्रवचनानं. सर्व संतांचा सण कसा सुरू झाला, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं होतं. पूर्वी श्रद्धेपायी जीव देणाऱ्याला वर्षातला एकेक दिवस मिळे. पुढे जीव देणारे वाढले, वर्ष काही वाढेना. मग सगळ्यांचा मिळून एकच दिवस ठरला. ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, त्यांचाही. "आपल्या शेजारी कोण संत..." इथवर आले आणि आवाज गेला.

कारकुनाला घाम फुटला. गेल्या महिन्यात त्यानं लग्नात अंत्यविधीची सूचना वाचली होती. "आता एक चूक, की चर्चच्या किल्ल्या ठेवायच्या आणि घरी जायचं," असं फादरांनी बजावलं होतं.

बाहेर भर दुपारी धुकं दाटलं होतं आणि वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात तो एकेक संत वाचू लागला आणि लोक एका सुरात म्हणू लागले, "आमच्यासाठी विनंती करा." अशी लय लागली, की वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्यांचं, सगळ्यांचंच डोकं विश्रांतीला गेलं. मेणानं चिकटलेली दोन पानं एकदम उलटली आणि खालून वर आली ती उद्याची, मृतांच्या स्मरणदिनाची यादी. एकाच नावाची पाच-पाच माणसं असल्यामुळे कारकून तिथं धंद्यावरूनच नोंद करी.

"थोरली सुईण."

"आमच्यासाठी विनंती करा."

"तिरळा गवंडी."

"आमच्यासाठी विनंती करा."

"घड्याळवाले काका."

"आमच्यासाठी विनंती करा."

"करतो," शेवटच्या बाकावरून आवाज आला. "पण एकेक बोला. गलका नको."

दारं बंद होती, तरी सगळ्या ज्योती एका बाजूला कलल्या. शेवटच्या बाकावर कुणीच नव्हतं. बाक मात्र करकरला, कुणी नीट सावरून बसावं तसा. दुसऱ्या क्षणी फादर आणि कारकून सोडले तर चर्च रिकामं झालं. बेकरीवाला तर खिडकीतून गेला, आणि ती खिडकी त्याच्या निम्मी होती.

फादरांनी कागद ओढून घेतला. "घड्याळवाले काका वारले कधी?" ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले.

"अजून नाही, फादर."

"मग यादीत कसे?"

"दवाखान्यात आहेत ना. नर्सबाई म्हणाल्या, सणापर्यंत टिकायचे नाहीत. म्हटलं ऐनवेळी घाई नको, नोंद आगाऊ करून ठेवू."

"जिवंत माणसाची?"

"पेन्सिलीनं केलीय, फादर."

फादरांनी नुसता हात पुढे केला. कारकून कमरेच्या किल्ल्या सोडतोय, तोच नर्सबाई धापा टाकत आत आल्या. "घड्याळवाले काका गेले. अर्धा तास झाला."

'म्हणजे नोंद बरोबरच होती!' कारकुनाचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं शेवटच्या बाकाकडे पाहिलं, आणि किल्ल्यांचा जुडगा आपणहून फादरांच्या हातावर ठेवला. "घ्याच तुम्ही. मला नको ही नोकरी."

पण दाराला कान लावून ऐकणारी माणसं आता एकेक करून आत येत होती.

"इतकी वर्षं इतक्या संतांना हाका मारतोय," शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "एकानं तरी ओ दिली का हो?"

बघता बघता रिकाम्या बाकापुढे रांग लागली. "काका, आमच्या व्याह्यांचं तेवढं बघा." "काका, गुडघा." उद्याची यादीही कारकुनानंच वाचायची, असा सगळ्यांनी एकमुखानं ठराव केला. ह्याच्या हाकेला माणूस येतो! फादरांनी लोकांकडे पाहिलं, उसासा टाकला आणि किल्ल्या परत कारकुनाच्या मुठीत कोंबल्या.

तो बाहेर निघाला, तर सुताराच्या विधवेनं त्याला कोपऱ्यात घेतलं. "भाऊ, उद्या आमच्या ह्यांचंही नाव आहे. बोलायला लागले की थांबत नाहीत रे ते."

"मग गाळू का, वहिनी?"

"छे, गाळलंस तर चिडतील." तिनं मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळूच वाच. त्यांना तसंही कमी ऐकू येतं."