इंग्रजांच्या पावसातली मांजरं

गुप्ते मास्तरांनी एकदा आमचं मांजर त्यांच्या गोठ्याच्या पेंढ्याच्या छपरावर बसवलं आणि शिडीवर चढून त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं. मांजराने उडी मारली ती थेट मास्तरांच्या टकलावर. रक्त पुसत हा गृहस्थ मला म्हणतो, "घसरलं की नाही? साक्षीदार तुम्ही!"

कसला साक्षीदार, कपाळ माझं! मास्तर शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. धो धो पावसाला इंग्रज 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' का म्हणतात, यावरून त्यांचं आणि मुरबाडच्या टिपणीस वकिलांचं वर्षानुवर्षं जुंपलेलं. मास्तर म्हणत, गवती छपरात झोपलेली मांजरं-कुत्री पावसात घसरून खाली येत. वकील म्हणत, छे, लंडनची गटारं तुंबली की मेलेली जनावरं रस्त्यावरून वाहत. लंडन दोघांनीही पाहिलेलं नाही. पण बोलण्याचा ताव असा, की तिथल्या म्युनिसिपालिटीत नोकरीला होते जणू.

मास्तरांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्या दुकानात धावत यायचे. "सापडलं हो, मूळ सापडलं!" मी गिऱ्हाईक सांभाळू की यांचं मूळ? मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवार उजाडला की यांनी मुरबाडची मोटार गाठलीच.

लढाईच्या दिवसांत निरोप आला, वकिलांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. मास्तर मला ओढतच घेऊन निघाले. पेट्रोल मिळेना म्हणून मोटार कोळशावर चालायची, ती किन्हवलीला बंद पडली. मास्तर तिच्याभोवती घिरट्या घालू लागले.

"मास्तर, बसा ना गप," ड्रायव्हर वैतागला. "तुमी हिंडून इंजिन तापायचं नाय."

मुरबाडला वकिलांच्या खाटेभोवती माणसं जमलेली. जो तो "होईल हो बरं" म्हणत होता. वकील भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"डॉक्टर म्हणतात, मनावर घेतलं तर बोलतील," वकिलीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण ह्यांनी हायच खाल्लीय."

मास्तर खाटेशी गेले. विचारपूस नाही, काही नाही. "वकीलसाहेब, सरकारी दिरंगाईला ते 'रेड टेप' म्हणतात ना, त्याचं मूळ कळलं. इंग्लंडातल्या बायका वेणीला लाल फीत बांधत, त्यावरून आलं. तुमच्या कोर्टाची दप्तरं बांधायच्या लाल फितीचा काडीचा संबंध नाही."

मी त्यांची बाही ओढली. माणूस मरणाच्या दारात आणि यांचं हे! पण वकिलांची मान वळली. चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले.

"खो... खोटं!" मग सगळा जीव एकवटून, "द... दप्तर! को... कोर्टाचं!"

वकिलीणबाई देवापुढे दिवा लावायला आत धावल्या. मास्तरांनी वकिलांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"साफ खोटं," ते म्हणाले. "थापच मारली मी. पण बोला, वकीलसाहेब, आणखी बोला. तुमच्यावाचून माझ्याशी भांडणारं दुसरं आहे कोण हो?"