धडधडीचं कौतुक

कोणी घाबरलं की भोईरकाकी त्याचं अभिनंदन करतात.

चिखलोलीच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या शेजारी राहतात. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचंच भातशेत होतं. त्यामुळे कोणाच्याही घरात त्या बांधावरून चालल्यासारख्या शिरतात. दहावीच्या गणिताच्या पेपराआधी माझ्या मुलीला दरदरून घाम फुटला, तेव्हा काकींनी तिच्या पाठीत सणसणीत थाप घातली.

"कालीज उडतंय ना? ब्येस झाला! अंग कामाला लागलंय. ज्याचं उडत नाय तो आलशी!"

मुलगी हसत पेपरला गेली. माझा मात्र या शास्त्रावर काडीचा विश्वास नव्हता.

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काकी आणि मी लिफ्टमध्ये अडकलो. वीज गेली, पंखा थांबला, मला श्वास पुरेना.

"काकी, हात थरथरतायत माझे!"

"वा! म्हंजे ताकद आली. फुकट नको घालवू. दार वाजव!"

मी दार बडवलं. इतक्या जोरात, की माझं मलाच नवल वाटलं. मग त्यांनी माझा हात धरला.

"आता श्वास सोड. चुलीत फुंकर घालतोस तसा, सावकाश."

श्वास लांबावा म्हणून त्यांनी हळदीचं गाणं धरलं. बँकेत नोकरी करणारा मी, काळोखात गाण्यातल्या नवरीला हळद लावू लागलो.

खालून वॉचमन ओरडला, "हल्दी कौन से फ्लोर पे है?"

"बीच में!" काकी गरजल्या. "चावी लाव, मुडद्या!"

दार उघडलं तेव्हा मी डोळे मिटून गातच होतो.

वर आल्यावर काकी म्हणाल्या, "जरा बस ना माझ्याकडं." काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दुबईत. त्यांनी उत्साहाने त्याला फोन लावला. "अरे, आज ना..." एवढंच बोलल्या. मग "बरं, कर काम," म्हणून फोन ठेवला.

थोडा वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला गंमत सांगतंय. आज मी लिफ्टमधी शिरलू, न् वीजच गेली! बाजूला एक मानूस होता, बिचारा लय घाबरलेला..."

मी खुर्ची पुढे ओढली.

"अरे बापरे," मी म्हणालो. "मग?"