झैतूनमावशींची चौकशी

झैतूनमावशींनी फोन ठेवला आणि तोंड वाकडं केलं. ताइपिंगमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. तो भाड्याने मागायला रिदुआन नावाचा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक तरुण आला होता. "क्वाला कांगसारला सध्या जिथं राहतो, तिथल्या मालकांना विचारा हवं तर," असं म्हणून त्याने हाजी मोख्तार यांचा नंबर आणि पत्ता दिला होता. मावशींनी विचारलं, तर हाजींना त्याचं कौतुक आवरेचना. भाडं वेळेवर देतो, आवाज नाही, वर घरातला गळका नळसुद्धा फुकट दुरुस्त करून दिला.

जाणाऱ्या भाडेकरूबद्दल कुणी इतकं गोड बोलतं का? मागच्या भाडेकरूचीही मावशींनी अशीच स्तुती ऐकली होती आणि तो जाताना छताचा पंखा काढून घेऊन गेला होता. हाजींना ही ब्याद घरातून काढायची आहे, याबद्दल मावशींच्या मनात शंका उरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ क्वाला कांगसारची बस धरली.

हाजी दुरियान फळांच्या बागेत गेले होते. त्यांची बायको नोरमाह अंगण झाडत होती.

"इथली खोली रिकामी होणारे म्हणे," मावशी साळसूदपणे म्हणाल्या. "मला हवी होती."

नोरमाहने खोली उघडून दिली. मावशींनी भिंतीतले खिळे बघितले, कपाटात नाक घालून वास घेतला, गादी उचलून पाहिली.

"ढेकूण नाहीत हो," नोरमाह म्हणाली.

"नाही, तसं नाही. राहणारा माणूस कसा आहे?"

"रिदुआन? सोन्यासारखा मुलगा. ताइपिंगला काम मिळालं म्हणून चाललाय."

मावशींनी आवाज खाली आणला. "पिण्याबिण्याचं काही? रात्री कुणी येतं-जातं?"

नोरमाहचा चेहरा बदलला. "ताई, तुम्ही खोली बघायला आलात की त्याला? आणि तुम्ही राहता कुठं सध्या?"

"ताइपिंगला."

"मग तिथून का निघालात?"

हा प्रश्न मावशींना आजवर कुणी विचारला नव्हता. "मालकीण जरा..." त्या चाचरल्या.

"जरा काय?"

"संशयी आहे. सारखी चौकशी करते. जीव नकोसा होतो."

"अगंबाई, अशीही माणसं असतात," नोरमाह हळहळली. "पण तुमच्याबद्दल विचारायचं कुणाला?"

तेवढ्यात जेवणाची पुडी घेऊन रिदुआन दारात आला आणि मावशींना बघून तिथंच थबकला.

"रिदुआन, तू ताइपिंगला जाऊन आलास ना? या बाईंना ओळखतोस का? तुझी खोली मागायला आल्यात."

मावशी पायाखालची फरशी बघू लागल्या.

"ओळखतो," तो सावकाश म्हणाला. "चांगल्या आहेत. घर अगदी आरशासारखं ठेवतात."

"तू म्हणतोस तर मग झालंच," नोरमाह म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारून कळवते."

रिदुआन मावशींना बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला. पोराने आपली अब्रू राखली, हे मावशींना कळत होतं. पण चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने वेळ मारून नेली होती, हेही कळत होतं. त्याला खडसवावं की त्याचे आभार मानावेत, हे ठरण्याआधीच तो बोलला.

"मावशी, ते ताइपिंगचं घर तुमचंच आहे ना?"

"म्हणजे?"

"मला मजला देताय आणि स्वतः खोली शोधताय. मी सामान घेऊन यायचो आणि दारात भलताच मालक उभा असायचा."

"अरे, मी तुझी चौकशी करायला आले होते."

"हाजींना फोन नव्हता केलात?"

"केला ना. फार चांगलं बोलले."

"मग?"

"म्हणूनच आले."

"मग मलाही तुमच्याबद्दल कुणाला तरी विचारायला हवं," तो म्हणाला. "कुणाला विचारू?"

मावशी विचार करू लागल्या. शेजारीण? तिच्या कोंबड्यांवरून बोलणं बंद होतं. वाणी? त्याचा तराजू त्या रोज तपासायच्या. मशिदीच्या समितीला तर त्यांनी वर्गणी पुन्हा मोजायला लावली होती.

"माझ्याबद्दल कुणीच चांगलं सांगायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

रिदुआनने त्यांच्याकडे नीट बघितलं. "हे खरं बोललात," तो म्हणाला.

बस आली. मावशी खिडकीशी बसल्यावर तो खालून म्हणाला, "महिनाभर राहून बघतो. पटलं तर पुढचं ठरवू."

मावशींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघ की. माझा काही त्रास व्हायचा नाही तुला," त्या अजिजीने म्हणाल्या.