हात मागे!

मंदाताईंच्या घरी चहाला गेलात तरी कप येईपर्यंत हात मागे बांधून बसावं लागतं. "हात मागे!" ही त्यांची गर्जना. दिवेआगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत त्यांनी गावची जुनी अवजारं मांडून संग्रहालय उभं केलंय, आणि तिथे हा हुकूम आमदारापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांना लागू. मी पडलो शेजारी, म्हणून मला तो घरीही लागू.

बाई शिकलेली. मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात चांगली नोकरी होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती नोकरी सोडून गावी आल्या, आणि आई गेल्यावरही इथेच राहिल्या. जुनी भांडीकुंडी पुसायला डिग्री कशाला लागते, हे गावाला अजून कळलेलं नाही. कुणी तसं विचारलंच, तर ताई भडकतात. "तुम्ही फेकता, म्हणून मी शिकले!"

पण यंदा खंडेनवमीला त्यांनी कहर केला. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. पार्वतीकाकी हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन संग्रहालयात आली. तिच्या नवऱ्याचा कोयता तिथे काचेच्या कपाटात आहे. काकांनी जन्मभर त्या कोयत्याने सुपारी उतरवली. गेल्या वर्षी ते गेले, आणि काकीने आपण होऊन तो ताईंच्या हाती दिला.

"पूजा नाही! हळदीचा डाग लाकडात मुरतो. मुठीचं वाटोळं होईल."

"अगं मंदे, यकच फूल वाहते. त्यांचा हात हाय त्या मुठीला."

"ही वस्तू आता संग्रहालयाची. बाहेर चला, काकी!"

काकी पायरीवर बसून रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. माणसापेक्षा मूठ मोठी? आज चार शब्द सुनावायचेच, म्हणून मी मागच्या दाराने तरातरा आत शिरलो.

मंदाताई जमिनीवर बसल्या होत्या. समोर नारळाची खवणी. मी ती लगेच ओळखली. त्यांच्या आईने तिच्यावर खवलेलं खोबरं लहानपणी ओंजळी भरभरून खाल्लंय मी. खवणीच्या पाटावर जास्वंदीचं फूल होतं, आणि ताई त्या पाटावरून नुसता हात फिरवत होत्या. एरवी हातमोज्यांशिवाय कशाला बोट लावत नाहीत.

मला बघून ताडकन उठल्या. डोळे लाल. "काय बघतोस? हात मागे!"

मी हात मागे बांधले. आलो होतो भांडायला.

त्यांनी कपाट उघडलं, पांढऱ्या फडक्यावर कोयता घेतला आणि पायरीवर काकीसमोर नेऊन ठेवला. "हळद नाही. फक्त फूल!" असं खेकसल्या, आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

काकीने चिमूटभर हळद लावलीच. ताईंनी मागे वळून पाहिलं नाही.