बाबांचा मेंदू आणि चिमूटभर मीठ

मेंदूला चव कशी कळते, हे साऱ्या अमरावतीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही! मी प्रियदर्शनी. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि पीएचडीसाठी चव घेणाऱ्या मेंदूचं मॉडेल बनवते. जिभेनं काय कळवलं, नाकानं काय कळवलं आणि खाणाऱ्याच्या मनात आधीपासून काय बसलंय, ते कॉम्प्युटरला सांगायचं. घास आवडणार की नाही, हे तो सांगतो!

माझ्या सासऱ्यांचं, देवमनबाबांचं, बीपी एवढं चढलं की डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. बाबांनी पहिल्याच घासाला ताट सरकवलं.

"हे वरण हाय का ढोरायच्या ढेपीचं पानी?"

मग ते नुसत्या चहावर राहू लागले. अंगातला सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. माझा नवरा अनुप रडकुंडीला आला.

"असंच चाललं तर दवाखान्यात भरती करावं लागीन यायले!"

"काळजी कशाला? माझं मॉडेल आहे ना!" मी म्हणाले.

मॉडेलनं मार्ग काढला. मीठ एकदम तोडायचं नाही, चिमूट-चिमूट उतरवत न्यायचं. लिंबू वाढवायचं. आणि खाणाऱ्याला आवडत्या हाताचं नाव सांगायचं. उरलेली चव मेंदू पदरची घालतो! बाबांचा आवडता हात म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तेल्हाऱ्याच्या जाईआत्या. मी आमचाच मसाला नव्या बरणीत ओतला आणि जाहीर केलं, "जाईआत्यांनी मसाला धाडला!"

बाबांनी वांग्याची भाजी पुसून खाल्ली. वाटी धुवायची गरज उरली नाही! वर लगेच तेल्हाऱ्याला फोन लावला.

"जाई, तुह्या मसाल्यानं जिवात जीव आला वं!"

आत्यांनी तर काहीच धाडलं नव्हतं. पण फोनमधून खणखणीत आवाज आला, "मंग! म्या सोता कुटला, दादा!"

पुढचे दोन महिने मी मीठ उतरवत राहिले आणि बाबांनी साऱ्या गोतावळ्यात डंका पिटला. वलगावपासून तिवशापर्यंतचे नातेवाईक आत्यांकडे मसाला मागू लागले. कुटून कुटून आत्यांचे खांदे धरले. शेवटी आपण असं काय धाडलं होतं, हे बघायला त्या स्वतःच एसटीनं अमरावतीत उतरल्या.

"सरक वं पोरी, आज भाजी माह्या हातची!"

बाबांनी मोठ्या हौसेनं घास घेतला आणि त्यांचे डोळे लिंबाएवढे झाले.

"जाई, मिठाचं पोतं फाटलं का वं?"

"माह्या हातची भाजी खारट?" आत्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पिशवी उचलली. "आजपासून तुह्या घरचं पानी बंद, दादा!"

आता बोलणं भागच होतं. मी मीठ, लिंबू, बरणी, सगळं कबूल केलं.

"म्हंजे इतके दिवस तू मले उल्लू बनवून राहिली होती?" बाबा कडाडले.

अनुपनं घाबरून त्यांच्या दंडाला बीपीचं मशीन बांधलं. आकडा आला. नॉर्मल! एवढ्या भांडणात नॉर्मल! विश्वास बसेना म्हणून अनुपनं ते स्वतःला बांधलं, तर त्याचाच आकडा बाबांच्या वर!

मी तर नाचायचीच बाकी राहिले. बाबांची जीभ कमी मिठाला सरावली होती, अगदी मॉडेलनं सांगितल्याप्रमाणे!

"जीभ माही, मेंदू माहा," बाबा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तुह्या कॉम्प्युटरचं त्यात काय?"

"अन् नाव माहं!" आत्यांनी पिशवी खाली ठेवली.

हे सगळं मी अकोल्याच्या परिषदेत मांडलं. दोघं भाऊबहीण ऐकायला आले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला! मग पुढच्या रांगेतले एक सर उठले.

"प्रयोग किती जणांवर केला, मॅडम?"

"एकावर. सासऱ्यांवर."

"आणि कंट्रोल ग्रुप? म्हणजे ज्यांचं मीठ कमी केलं नाही, अशी माणसं?"

मागून जाईआत्या उभ्या राहिल्या. "मी हाओ ना!"

"त्या आहेत, सर," मी खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त कंट्रोलमध्ये नाहीत."