बिनकर्जाचा माणूस

"मी मेलो तर एकही सावकार रडणार नाही!" हे बाइंडरचं लाडकं वाक्य. पुस्तकं बांधता बांधता केस पिकले, पण त्याने उधारीवर कधी सुईदेखील घेतली नव्हती. म्हणून घरमालकाने "महिनाअखेर घर विकतोय, तुम्ही घ्या नाहीतर दुसरा घेईल" म्हणून सांगितलं, तेव्हा तो गृहकर्जासाठी बँकेत गेला तो छाती काढूनच.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही," काचेमागची बाई म्हणाली.

"कसा असेल? जन्मात कर्ज काढलं नाही!"

"म्हणूनच! तुम्ही फेडणारे की बुडवणारे, कळणार कसं? आधी एखादं कार्ड घ्या, वर्षभर वेळेवर भरा, मग या."

म्हणजे पोहता आलं तरच पाण्यात उतरू देणार!

आणि वर्ष होतं कुणाकडे? काम निकडीचं असलं की बाइंडर एकाऐवजी चार शिकंज्यांत पुस्तकं दाबत असे. तोच न्याय त्याने इथे लावला. एका कार्डाला वर्ष, तर जास्त कार्डांना कमी! गावातल्या झाडून सगळ्या बँकांत त्याने अर्ज टाकले. सगळीकडून नकार!

पुन्हा काचेपुढे गेला, तर बाईने कपाळाला हात लावला. "काका, तुमची पाटी कोरी होती, तीच बरी होती हो! आता तिच्यावर नुसत्या चौकश्या. हा माणूस कर्जासाठी दारोदार का फिरतोय, असं दिसतंय!"

घर गेलं. घेतलं कुणी? मेहुण्याने! चपलासुद्धा हप्त्याने घेणारा, ज्याला बाइंडर चारचौघांत 'हप्तेबहाद्दर' म्हणायचा, तोच. एकही हप्ता चुकवला नव्हता पठ्ठ्याने. बँकेने उठून खुर्ची दिली.

संध्याकाळी मेहुणा पुढची खोली वितीने मोजत होता.

"दाजी, तुम्हाला रस्त्यावर थोडंच काढणार? मागच्या खोलीत राहा. शिकंजे तेवढे हलवा. भाडं एक तारखेला. आणि अनामत."

अनामतीचा आकडा ऐकून बाइंडर शिकंज्यावरच बसला. "एवढे कुठून आणू?"

"हप्त्याने द्या! विश्वास आहे माझा तुमच्यावर."

बाइंडरने बायकोकडे पाहिलं. ती भांडी मागच्या खोलीत नेत होती.

"घ्या," ती न थांबता म्हणाली, "झाली एकदाची तुमची पत तयार! आता तुम्ही गेलात, तर माझा भाऊ दोनदा रडेल."